वाढणाऱ्यांची पंगत

(संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, दुपारच्या सत्रात, केटरिंगचं काम करणाऱ्या एका गटाच्या अध्यक्षताईंनी केलेलं भाषण. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी ते जसं बोललं गेलं तसंच छापत आहोत.)



मला चिठ्ठीवर विषय दिलाय, ‘केटरिंग व्यवसायातील अडचणी व उपाय’. मागच्या वर्षीही हाच होता. तेव्हा मी ताटाचा दर कसा काढायचा, ॲडव्हान्स किती घ्यायचा, उरलेल्या अन्नाचं काय करायचं, सगळं सांगितलं होतं. ते आपल्या अंकात छापूनही आलं. आता तेच परत सांगितलं तर तुम्ही जेवण करून बसलाय, झोपाल. म्हणून आज एका सिरियलची गोष्ट सांगते. हसू नका. अडचण आणि उपाय दोन्ही त्यात येणार आहे, पण जरा वळसा घालून.

झालं असं, की माघात एका लग्नाच्या ऑर्डरला मांडवाच्या खुंटीला अडखळून पडले आणि पाय प्लॅस्टरमध्ये गेला. तीन आठवडे हडपसरला लेकीकडं होते. दिवसभर ती कामावर, मी खिडकीत. संध्याकाळी ती लॅपटॉप उघडून म्हणाली, आई, तुझ्या धंद्यावरची एक सिरियल आहे, बघायची का? मला वाटलं पाककृती असतील. तसलं काही नव्हतं. अमेरिकेतली होती, ‘पार्टी डाउन’ नावाची. इंग्रजी मला येत नाही, म्हणून दोन-चार वाक्यं झाली की लेक थांबवायची आणि मला सांगायची. अर्ध्या तासाचा भाग आम्हाला दीड तास पुरायचा.

आधीच सांगून ठेवते, घरी पोराबाळांत बसून किंवा सासूबाईंना शेजारी घेऊन बघायची ही सिरियल नाही. दारू फार, शिव्या त्याहून फार. दोन-तीन ठिकाणी लेकीनं मला न सांगताच पुढं ढकललं. मीही विचारलं नाही.

तर ‘पार्टी डाउन’ हे त्या केटरिंग कंपनीचं नाव. गाव लॉस एंजेलिस, म्हणजे त्यांच्या सिनेमावाल्यांचं गाव, हॉलिवूड तिथंच. या गावात सिनेमात काम मिळेल म्हणून देशभरातून माणसं येतात, काम काही लगेच मिळत नाही, आणि पोट तर भरायचं असतं. मग हॉटेलात नाहीतर केटरिंगमध्ये वाढप्याचं काम धरतात. ही कंपनी तसल्या पाच-सहा जणांची. पांढरा शर्ट, काळी पँट आणि गळ्याला गुलाबी बो. प्रत्येक भागात एक ऑर्डर, आणि भागाचं नावच त्या ऑर्डरचं. सोसायटीची पार्टी, लग्न, कुणाची सोळावी, कुणाचं मयतानंतरचं जेवण, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. मी लेकीला म्हटलं, अगं ही तर आपली ऑर्डरवही आहे. २००९ आणि २०१० साली मिळून २० भाग झाले. बघणारे इतके थोडे होते की सिरियल बंदच पडली. पण नंतर लोकांनी शोधून शोधून बघितली, आणि २०२३ मध्ये बहुतेक तीच माणसं घेऊन आणखी ६ भाग काढले. पहिल्या वेळी पंगत उठली तरी स्वयंपाक वाया गेला नाही म्हणायचं.

आता त्यातली माणसं सांगते.

त्यांचा प्रमुख रॉन डोनाल्ड. हा एकटाच असा, की त्याला हे काम मनापासून आवडतं. बाकीच्यांना तो सारखा नियम सांगतो. उभं कसं राहायचं, पाहुण्यांशी कसं बोलायचं, कशाला हात लावायचा नाही. त्याचं स्वप्न एकच, सूप आणि बिस्किटं विकणाऱ्या एका साखळी दुकानाची शाखा आपल्या नावानं उघडायची. बाकीच्यांना सिनेमाची स्वप्नं, याला सुपाचं! लेक हसायची. आणि रॉन जेवढा नीट करायला जातो तेवढं बिघडतं. एका भागात ऑर्डर असते त्याच्याच शाळेच्या मेळाव्याची. वर्गातल्या पोरांना दाखवायचं असतं की बघा, मी किती पुढं गेलो. त्या रात्री त्याची काय गत होते ते मी सांगत नाही. लेक हसता हसता आडवी झाली, मी मात्र पदर डोळ्याला लावला. ती म्हणाली, आई, ही विनोदी सिरियल आहे. मी म्हटलं, असेल तुझ्यासाठी.

कारण रॉन म्हणजे मीच की हो. आमच्या गटातल्या बाया इथं पुढंच बसल्यात, त्या बघा कशा हसतायत. ‘केस बांधा’, ‘बांगड्या मागं सारा’, ‘डाव ताटाला लावू नका’, ‘पाहुण्यांसमोर बोलू नका’. आणि मागच्या दिवाळीत मीच एका साखरपुड्यात पाहुण्यांसमोर किंचाळले होते, कारण मठ्ठ्यात मीठ दोनदा पडलं होतं. दुसऱ्यांदा टाकणारी मीच होते.

मग रोमन. हा स्वतःला फार मोठा लेखक समजतो. अंतराळ, यंत्रं, दुसरे ग्रह असल्या गोष्टी लिहितो, आणि ज्याला त्यातलं विज्ञान कळत नाही तो मूर्ख. काइल दिसायला देखणा, त्याला खात्री की आपण हिरो होणारच. या दोघांचं एकमेकांशी जमत नाही, आणि दोघांनाही सगळ्या ऑर्डरींना एकत्रच जावं लागतं. हे तर प्रत्येक गटात असतं, मी वेगळं सांगायला नको. कॉन्स्टन्स नावाची एक वयस्क बाई आहे, तिनं पूर्वी छोटी छोटी कामं केलेली, ती सगळ्यांना आपल्या जुन्या काळाच्या गोष्टी सांगत बसते. पुढं तिच्या जागी लिडिया येते. लिडिया आपल्या लहान मुलीला नटी करायचं म्हणून या गावात आलेली. तिच्या तोंडात मुलीशिवाय दुसरा विषय नाही. केसी ही तरुण पोरगी, जिभेला धार, तिला लोकांना हसवायचंच काम करायचं असतं.

आणि हेन्री. हेन्रीनं नट व्हायचं सोडून दिलंय. पूर्वी त्यानं बिअरची एक जाहिरात केली होती, त्यातलं त्याचं एक वाक्य सगळीकडं गाजलं. पण मग लोकांना तो त्या वाक्याचाच माणूस वाटायला लागला. दुसरं काम कुणी देईना. आता तो ट्रे घेऊन फिरतो, तर पाहुणे थबकतात, अरे, तू तोच ना? म्हण की ते वाक्य! हा नाव सांगत नाही, काही सांगत नाही, वाक्य म्हणतो नाहीतर टाळतो, आणि पुढच्या माणसाकडं ट्रे धरतो. हे पहिल्या भागापासून चालतं. मला पहिल्यांदा हसू आलं, चौथ्या वेळी आलं नाही.

मैत्रिणींनो, ही सिरियल हसवते कशी याचा मी प्लॅस्टर घालून पुष्कळ विचार केला, दुसरं काम नव्हतं. कुणी चुटके सांगत नाही त्यात. कुणी केळ्याच्या सालीवरून घसरत नाही, म्हणजे रॉन घसरतो कधी कधी, पण ते सोडा. हसू येतं ते यामुळं, की प्रत्येकाच्या पोटात एक मोठी गोष्ट आहे आणि हातात ट्रे आहे. पाहुण्याला फक्त ट्रे दिसतो. पाहुणा त्याच्यासमोर नवऱ्याबायकोचं भांडण करतो, पैशाचे व्यवहार बोलतो, वाढपी म्हणजे मांडवाचा खांब असल्यासारखा. आपल्याला माहीत नाही का? आपण भात घेऊन उभ्या असतो आणि समोर दोन व्याही हुंड्याचं बोलत असतात. आपल्याला बघून आवाजसुद्धा कमी करत नाहीत.

आता ज्या भागासाठी हे सगळं सांगितलं तो भाग.

त्याचं नाव ‘स्टीव्ह गुटेनबर्गचा वाढदिवस’. हा स्टीव्ह गुटेनबर्ग खराखुरा नट आहे, १९८४ च्या ‘पोलीस अकॅडमी’त होता, १९८७ च्या ‘थ्री मेन अँड अ बेबी’त होता. तीन तरुण आणि त्यांच्या दारात आलेलं तान्हं बाळ अशी ती गोष्ट. आपल्याकडं अक्षय कुमार, फरदीन खान आणि आपला रितेश देशमुख यांचा ‘हे बेबी’ आला होता ना, त्याची मूळ कल्पना तीच. तर या भागात गुटेनबर्ग स्वतःचंच काम करतो. ही मंडळी त्याच्या वाढदिवसाची ऑर्डर घेऊन त्याच्या घरी पोचतात. मांडामांड करणार, तर तो येऊन सांगतो की पार्टी आधीच होऊन गेली. मित्रांनी त्याला न कळवता परस्पर केली, आणि या ऑर्डरचं कळवायचं राहून गेलं.

आता आपल्या बाबतीत असं झालं तर काय होतं? उरलेल्या पैशांसाठी चार खेपा. गुटेनबर्ग भला माणूस. तो म्हणतो, जेवण आलंय, दारू आली आहे, घर रिकामं आहे, तर आज तुम्हीच माझे पाहुणे. बसा, खा, प्या, तुमच्या मित्रांनाही बोलवा.

झालं. वाढपी पाहुणे झाले. ट्रे खाली ठेवले. आणि मला वाटलं आता भाग संपला, कारण ज्यावर हसत होतो तेच गेलं. मालक नाही, पाहुणा नाही, अपमान नाही. पण खरी मजा तिथंच सुरू होते. रोमनचा एक मित्र येतो, त्याच्याबरोबर रोमन आपली गोष्ट लिहीत असतो. गुटेनबर्गला कळतं की यांनी सिनेमा लिहिलाय, तर तो म्हणतो, मग आत्ताच वाचू या की मोठ्यानं! इतकी नटमंडळी जमली आहेत, प्रत्येकानं एकेक पात्र घ्या. इतके दिवस रोमन ज्या लिखाणाच्या बढाया मारत होता ते आता सगळ्यांसमोर येणार. त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. त्याच्या लिखाणात विज्ञान ठासून भरलेलं, माणसाचं मन शोधावं लागतं.

आणि वाचणाऱ्यांत हेन्री असतो. नको नको म्हणणारा, सोडून दिलं म्हणणारा हेन्री. तो वाचायला लागतो आणि खोलीतली माणसं बघत राहतात. केसी बघत राहते. तो चांगला आहे. खरंच चांगला आहे. इतके महिने बरोबर काम करतात, एका गाडीतून जातात, आणि त्याला येतं काय हे या सोबत्यांनी असं कधी बघितलंच नव्हतं. त्यांनाही तो त्या जाहिरातीच्या वाक्याचाच माणूस होता.

इथं मी लेकीला म्हटलं, थांबव जरा. ती म्हणाली, काय कळलं नाही? मी म्हटलं, कळलं म्हणूनच थांबव.

आमच्या गटात एक जण आहे. तिचं नाव मी घेत नाही, तिनं घेऊ नको म्हणून सांगितलंय. आम्ही तिला पुरी म्हणतो. सहा वर्षं ती पुऱ्या तळते. तीनशे ताटांची ऑर्डर असली तरी तिची पुरी पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत सारखी फुगते. कणीक घट्ट, तेल कधी धूर धरू द्यायचं नाही, झाऱ्यानं पुरी दाबायची कधी आणि सोडायची कधी हे तिच्या हाताला माहीत. मांडवात पोरं ओरडतात, ए पुरीवाली! आणि मीसुद्धा वहीत हजेरी लिहिताना ‘पुरी – आली’ असंच लिहिते. तुम्ही हसताय, पण मी खरंच वही उघडून बघितली. सहा वर्षांत तिचं नाव मी हजेरीत एकदाही लिहिलेलं नाही. फक्त कर्जाच्या कागदावर आहे, बँकेला पुरी चालत नाही म्हणून.

गेल्या वर्षी फलटणच्या अलीकडं एका वस्तीवर लग्न होतं. शेवटची पंगत उठली, साडेचार वाजले असतील. नवरीची आजी आमच्याकडं आली आणि म्हणाली, आता तुम्ही बसायचं. मी म्हटलं, नको आजी, आम्ही भांडी घासून मग खाऊ कडेला बसून. आजी म्हणाली, माझ्या दारात कडेला बसून कुणी खात नाही. स्वतः पाट मांडले आणि नातवंडांना वाढायला लावलं.

मैत्रिणींनो, आम्हाला बसता येईना. खरं सांगते. एक उठून मीठ वाढायला गेली, आजीनं तिला दंडाला धरून बसवलं. दुसरी म्हणाली मला भूक नाही. मी तर बसलेच नाही, हिशोब करायचाय म्हणून लांब उभी राहिले. हिशोब आदल्या दिवशीच झाला होता. तिकडं पोरं वाढत होती, सगळं उलटंपालटं, भातावर जिलेबी, आणि हळूहळू या बाया बोलायला लागल्या. एकमेकींशी आम्ही रोज बोलतो, पण ते काय, तेल संपलं, पाणी आणा, टेम्पो आला का. त्या दिवशी वेगळं बोलत होत्या. आणि पुरी म्हणाली, मला टेम्पो चालवायचाय.

सगळ्या हसल्या. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले, लांबून. म्हटलं, आणि पुऱ्या कोण तळणार, तुझा नवरा? ती गप्प झाली. जेवली, उठली, भांड्याला लागली.

तो विषय तिनं तोपर्यंत मासिक बैठकीत दोनदा काढला होता, हे मला नंतर आठवलं. टेम्पोवाला वेळेवर येत नाही, प्रत्येक खेपेला भाडं वाढवून मागतो, रात्री पातेली घेऊन रस्त्यावर बसायला लागतं, तर आपल्यातली एक जण शिकली तर? असं ती म्हणाली होती. माझ्या इतिवृत्तात त्यातलं काही नाही. ‘इतर विषय नाहीत’ असं लिहून मी सही केली आहे.

म्हणून तो हेन्री वाचत होता तेव्हा मला बसल्या जागी घाम फुटला. त्या सिरियलमध्ये निदान एक गुटेनबर्ग होता, म्हणाला, घे, वाच. आमच्याकडं ती आजी होती, तिनं पाटसुद्धा मांडले. आणि पुरीच्या तोंडून शब्द निघाला तेव्हा त्याच्यावर हसणारी मालकीण नव्हती, पाहुणी नव्हती. मी होते. तिच्याच गटाची अध्यक्ष.

एक गोष्ट मात्र मला त्या सिरियलची पटत नाही, तीही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही अमेरिकेला भुलली. त्या मंडळींना हे काम म्हणजे स्टँडवर बसून एसटीची वाट बघण्यासारखं आहे. गाडी आली की बो काढून फेकायचा. आणि ज्याला काम आवडतं, त्या रॉनचीच सगळ्यांत जास्त फजिती. त्याचं सुपाचं दुकान शेवटी एकदाचं निघतं, आणि बुडतं, आणि तो परत तोच गुलाबी बो घालून, आता हेन्रीच्या हाताखाली, ट्रे धरतो. मला ते फार लागलं. आमच्यातल्या दोघींच्या घराचं छप्पर या पुऱ्यांवर झालंय. पोरींच्या फिया यावर भरल्यात. आम्ही कशाची वाट बघत नाही, हीच आमची एसटी आहे. लेक म्हणते, आई, तेच तर ती सिरियल दाखवते, रॉनवर हसणाऱ्यांपेक्षा रॉन बरा. असेल. पण मग त्याच्या हातून ते सूप जरा कमी सांडलं असतं तर काय बिघडलं असतं?

प्लॅस्टर निघाल्यावर मी गावी आले आणि पहिल्यांदा तिच्या घरी गेले. ती कणीक मळत होती, घरातलीच, चार माणसांची. मी म्हटलं, टेम्पोचं काय म्हणत होतीस? ती म्हणाली, कुठला टेम्पो? तिला वाटलं मी परत थट्टा करणार. मग मी सगळी गोष्ट सांगितली, हेन्री, रॉन, गुटेनबर्ग, सगळं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, त्या गुटेनबर्गनं मग यांचे पूर्ण पैसे दिले का? मी म्हटलं, दिले असणार. म्हणाली, मग ठीक आहे.

नंतर तिनं सांगितलं की भावाकडं माहेरी गेल्यावर ती ट्रॅक्टर चालवते. लग्नाआधीपासून चालवते. ट्रॉली जोडून मागं घेते. मागं घेते, बायांनो! आमच्या टेम्पोवाल्याला मांडवाच्या दाराशी टेम्पो मागं घेता येत नाही, दोनदा त्यानं कमान पाडली आहे.

मग बैठकीत विषय रीतसर घेतला. या वेळी मी इतिवृत्तात लिहिला, तिच्या नावासकट. सगळ्याजणी हो म्हणाल्या असं नाही. एकीचं म्हणणं, जुना टेम्पो म्हणजे हप्ता आणि दुरुस्ती दोन्ही गळ्यात. तिचं खोटं नाही. एकीचा नवरा म्हणाला, बाईनं टेम्पो चालवला तर ऑर्डरी बंद होतील. त्याला पुरीनं विचारलं, मग तुम्ही फुकट चालवता का? तो त्यानंतर बोललेला नाही. तेव्हा ठरलं असं, की टेम्पो आत्ताच घ्यायचा नाही. आधी लायसन्स, मग सहा महिने भाड्याची गाडी तिनं चालवायची, गाडीभाड्यात किती वाचतं ते वहीत लिहायचं, आणि तो आकडा घेऊन कर्जासाठी संघाकडं यायचं. म्हणजे मॅनेजर मॅडम, तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, आम्ही येणार आहोत.

शिकाऊ लायसन्स तिचं झालंय. पक्क्या लायसन्सची चाचणी येत्या गुरुवारी आहे. ती पहिल्या झटक्यात पास होईल असं आम्ही धरून चाललोय, आणि शुक्रवारी अडीचशे ताटांचं बारसं आहे. गाडीवर ती असणार, म्हणजे कढईवर कुणी नाही. मी परवा स्वतः बसून बघितलं, माझ्या वीसातल्या सहा फुगल्या. तर तुमच्यापैकी कुणाच्या हाताला पुरी असेल आणि शुक्रवारी मोकळी असेल, तर चहाच्या वेळी मला मांडवाच्या मागं भेटा. येताना नाव सांगा, मी वहीत लिहून घेते.